पाळी बदलली, बोनस घटला: माणसं काय करतील, हे आधी कसं ओळखावं?

प्रश्न: चाकणच्या आमच्या कारखान्यात पहिली पाळी सातऐवजी सहाला सुरू करायची आहे. विरोध होईल का, आणि कुणाकडून?

‘कामगार’ हा एकच गट धरलात तर अंदाज चुकणारच. हुद्द्यानुसार यादी करू नका. या एका तासाने कुणाच्या दिवसातलं काय मोडतं, यावरून गट पाडा: कंपनीच्या बसने येणारे, दुचाकीवाले, मुलांना शाळेत सोडून येणारे, पाळीनंतर शेती बघणारे, कंत्राटी कामगार. प्रत्येक गटापुढे चार रकाने आखा: वेळ, पैसा, मान आणि आपण पूर्वी दिलेला शब्द.

आता एकेक रकाना भरा. मंचरहून निघणारी बस पहिल्या थांब्यावर 5:40 ला येत असेल, तर आता 4:40 ला येईल. तिथे चढणाऱ्या बाईला डब्यासाठी साडेतीनला उठावं लागेल. दुचाकीवाल्याची मात्र पुणे-नाशिक रस्त्यावरची कोंडी चुकते आणि शेतीवाल्याला दुपारचा एक तास जास्त मिळतो. म्हणजे विरोधाची सुरुवात बसच्या लांबच्या थांब्यांवरून होईल, युनियनच्या कार्यालयात तो नंतर पोहोचेल. हे कळलं की उपायही दिसतो: एका लांब फेरीऐवजी दोन छोट्या फेऱ्या.

कॅन्टीनकडे हमखास दुर्लक्ष होतं. आचारी आणि वाढपी सहाच्या आधी पोहोचले नाहीत, तर पहिल्याच दिवशी चहा-नाश्ता चुकतो आणि साऱ्या बदलाचा राग तिथे निघतो. बस, कॅन्टीन आणि गेट आधी लावा, पाळी मागून.

कंत्राटी कामगार बहुधा तक्रार करत नाहीत, यायचे बंद होतात. त्यामुळे पहिले दोन आठवडे प्रत्येक लाइनवर बदली माणूस तयार ठेवा. आधी एकाच लाइनवर तीन आठवडे चाचणी घ्या. पहिल्या आठवड्याच्या हजेरीवर विसंबू नका, तेव्हा सगळेच जपून असतात. तिसऱ्या आठवड्यातले लेटमार्क आणि साप्ताहिक सुट्टीनंतरच्या दिवसाची गैरहजेरी बघा. शिवाय स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या प्रमाणित सेवानियमांत, तरतूद नसेल, तर पाळी बदलण्यापूर्वी 21 दिवसांची नोटीस लागते. ही अट 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ते 21 दिवस नुसते सरू देऊ नका, वरचे रकाने कामगारांकडूनच तपासून घ्या.

प्रश्न: हिंजवडीतल्या आमच्या 30 जणांच्या टीमला आठवड्यातून चार दिवस ऑफिसला यायला सांगितलं. बैठकीत सगळ्यांनी होकार दिला आणि महिन्याभरात तीन राजीनामे आले. आधी कसं कळलं असतं?

वरिष्ठांसमोर मान डोलावली म्हणजे निर्णय पटला, असं नसतं. शिवाय ठरून गेलेल्या गोष्टीवर मत विचारलं, तर खरं उत्तर येत नाही. निर्णय पक्का होण्याआधी विचारायला हवं, आणि तेही लेखी.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी 2007 च्या लेखात मांडलेली ‘प्री-मॉर्टेम’ पद्धत इथे कामाला येते. सहा ते आठ जण बसवा, त्यांतले निम्मे तरी ज्यांना रोज प्रवास करायचा आहे असे हवेत. सांगा: “सहा महिने उलटलेत आणि हा निर्णय साफ फसलाय. का फसला, ते लिहा.” दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकाने एका फेरीत एकच कारण वाचायचं, साहेबांनी सर्वांत शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीच्यांची कारणं तिकडेच झुकतात.

सोबत एक प्रश्न जरूर विचारा: “टीममधल्या इतरांना काय जड जाईल?” स्वतःची अडचण माणूस इतरांच्या नावावर मोकळेपणाने सांगतो. मग प्रत्येकाकडून दोन आकडे लिहून घ्या: 30 पैकी किती जण सवलत मागतील, किती जण सोडून जातील. तीन महिन्यांनी पडताळा. ज्याचे आकडे जवळपास बरोबर ठरले, त्याला पुढच्या वेळी आधी विचारा, मग तो कॅबचं वेळापत्रक लावणारा मुलगा का असेना.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेला यंदा बोनस 20 टक्क्यांवरून 12 वर आणावा लागणार आहे. कर्मचारी कसे घेतील?

पात्र कर्मचाऱ्यांसाठी कायद्याची किमान मर्यादा 8.33 टक्के आहे, तेव्हा कायद्याच्या बाजूने 12 टक्क्यांना अडचण नाही. पण कर्मचारी तुलना करतील ती गेल्या दिवाळीशी. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिलं, की तेवढ्याच रकमेच्या लाभापेक्षा तोटा मनाला जास्त लागतो. त्यात बोनस हाती येण्याआधीच फी, कपडे, सोन्याच्या भिशीत वाटला गेलेला असतो. म्हणून आकडा ठरताच सांगा, दिवाळीच्या किमान दोन महिने आधी. धनत्रयोदशीच्या आठवड्यात कळलं, तर कपातीपेक्षा लपवल्याचा राग मोठा होतो.

काय सांगता, यानेही फार फरक पडतो. जेराल्ड ग्रीनबर्ग या व्यवस्थापन-संशोधकांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन कारखान्यांत दहा आठवडे 15 टक्के पगारकपात झाली होती. जिथे कारण सविस्तर आणि खेद व्यक्त करून सांगितलं, तिथे कामगारांकडून होणाऱ्या चोऱ्या कमी वाढल्या. जिथे त्रोटक सांगून मोकळे झाले, तिथे त्या जास्त वाढल्या.

तेव्हा थकबाकीचा आकडा, 12 टक्के कसे निघाले ते गणित, ही कपात किती काळासाठी, आणि संचालक मंडळाने स्वतःचं काय कमी केलं, एवढं सगळं एकाच बैठकीत मांडा. त्याच वर्षी संचालकांचा अभ्यास दौरा निघाला, तर कोणतंही स्पष्टीकरण टिकणार नाही. तो रद्द करा. नाराजी बहुधा संपातून दिसत नाही. वेळेनंतर थांबणं बंद होतं, थकबाकीदाराच्या घरी दुसरी चक्कर होत नाही. तिचा खरा हिशेब मार्चच्या वसुलीत समोर येतो.

प्रश्न: दोन ज्येष्ठांना डावलून कनिष्ठाला विभागप्रमुख करत आहोत. घोषणा कशी करावी?

त्याच दिवशी, घोषणेआधी, दोघांना वेगवेगळं भेटून सांगा. निवडीचे निकष सांगा, गुणगान टाळा. उपचारापुरती मतंही विचारू नका, निर्णय झालेला असताना ते जास्त झोंबतं. दोघांतला एक नव्या प्रमुखाला जुनी माहिती द्यायला टाळाटाळ करेल, हे गृहीत धरा आणि ग्राहकांच्या फायली, पासवर्ड, पुरवठादारांचे संपर्क घोषणेच्या महिनाभर आधीच सामायिक जागी आणून ठेवा. हे काम सगळ्या विभागांत एकदम करा, म्हणजे त्या दोघांकडे बोट जाणार नाही.