ओव्हन नाही आणि रम घालायची नाही, तर घरी ख्रिसमसचा केक बाजारातल्यासारखा काळसर होईल का?

होतो, नक्की होतो. रंगाचा रमशी फारसा संबंधच नाहीये, तो येतो करपवलेल्या साखरेतून, म्हणजे कॅरमलमधून, त्यामुळे खरी मेहनत तिथे करा. आणि तुम्ही २४ ला करणार म्हणालात, तसं नका करू, २१-२२ लाच करून बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा, मसाला मुरायला वेळ मिळाला की चव कितीतरी खुलते.

सुकामेवा आणि केकचे डबे पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीकडे मिळतील. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, सुके अंजीर, थोडी टुटीफ्रुटी, बारीक चिरून दीड कप घ्या. डिसेंबरात नागपुरी संत्री भरपूर असतात तर डबाबंद रस आणू नका, ताज्या रसात फळं पाच मिनिटं मंद उकळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. रममध्ये महिनाभर भिजवतात तसं रसात चालत नाही, आंबतं. एका संत्र्याची साल पण किसून घ्या, फक्त वरची केशरी, आतला पांढरा भाग कडू लागतो.

आता कॅरमल. जाड बुडाच्या पातेल्यात अर्धा कप साखर, पाणी न घालता, मंद गॅसवर. आधी कडेकडेने वितळते, मग सोनेरी होते, मग तपकिरी, आणि इथेच बहुतेक जण घाबरून गॅस बंद करतात म्हणून केक फिका होतो. थोडं थांबा, कोऱ्या चहासारखा गडद रंग आला आणि बारीक धूर दिसला की मगच बंद करा आणि लगेच पाव कप उकळतं पाणी अगदी थोडं थोडं घाला. ते जोरात उसळतं, हात लांब ठेवा, लहान मुलं जवळ नकोत. गार पाणी घातलंत तर जास्त उडतं आणि साखर गोळा होऊन बसते. मग पूर्ण गार होऊ द्या.

पुण्यात डिसेंबरात सकाळी एवढा गारठा असतो की बटर दगडासारखं राहतं आणि त्यात फ्रिजमधली अंडी घातली की मिश्रण फाटतं, म्हणून दोन्ही आदल्या रात्रीच बाहेर काढा, सकाळी भांडं जरा कोमट पाण्यात धरा. १०० ग्रॅम बटर, पाऊण कप पिठीसाखर फेटा, ३ अंडी एकेक करून घाला, तरी फाटलंच तर चमचाभर मैदा टाकून फेटा, सावरतं. मग कॅरमल, दीड कप मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, दालचिनी-लवंग-जायफळ-सुंठ मिळून एक चमचा, किसलेली साल. बटर खारट असेल तर वेगळं मीठ नको. फळं निथळून, थोड्या मैद्यात घोळवून शेवटी घाला.

रोजचा कुकर कोरडा तापवू नका, त्यापेक्षा जुनं जाड पातेलं किंवा कढई घ्या, तळाला मीठ पसरून त्यावर स्टँड, घट्ट झाकण, दहा मिनिटं तापवून मग केकचा डबा ठेवा आणि अगदी मंद आचेवर साधारण तासभर. पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. मग टूथपिक घालून बघा, कोरडी आली की झाला. ते मीठ स्वयंपाकात वापरू नका, पुढच्या केकला चालतं.

घरात नाताळ पहिल्यांदाच करताय आणि सासूबाईंना ते परकं वाटतंय असं लिहिलंय तुम्ही, तर त्यांना सांगा की क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, १७९२ साली. मराठी ख्रिस्ती घरांत केकच्या जोडीला करंज्या, शंकरपाळी असतातच, त्यांना करंज्या करायला सांगा, मला वाटतं आवडेल त्यांना. आणि अंडं चालत नसेल तर ३ अंड्यांऐवजी पाऊण कप घट्ट ताजं दही आणि सोडा अर्धा चमचा, बाकी सगळं तेच.