'आमच्या नोंदीत काही नाही' एवढ्यावर खड्डे मारू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. कुंपणाचे खांब रोवायचे आहेत, मागच्या बाजूला झाडं लावायची आहेत, खड्डे मारायचं यंत्र भाड्याने ठरलंय. जमिनीखालून वीज, गॅस, पाणी वगैरेंच्या वाहिन्या जातात का, अशी संबंधित कार्यालयात फोनवर चौकशी केली तर 'आमच्या नोंदीप्रमाणे तिथून काही जात नाही' असं उत्तर मिळालं. मग आता कामाला लागायला हरकत आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आहे. आमच्याकडेही काम नेमकं ह्याच वाक्याच्या भरवशावर सुरू झालं होतं.

खणण्याआधी विचारावं, हे तुम्ही केलंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय, ते जास्त महत्त्वाचं. 'नोंदीत नाही' म्हणजे 'जमिनीत नाही' असं नव्हे. नोंद असते ती बऱ्याचदा वाहिनी टाकण्याआधी काढलेल्या आराखड्याची. प्रत्यक्षात मध्ये खडक लागतो, झाड येतं, नंतर कधी दुरुस्ती होते, आणि वाहिनी हातभर इकडे नाहीतर तिकडे सरकते. कागदावर ती जुन्याच जागी राहते. आमची वीजवाहिनी अशीच पूर्वीच्या एका दुरुस्तीत रस्त्याच्या कडेवरून आत, कुंपणाला लागून आणलेली होती. ज्या कार्यालयाच्या माणसांनी ती सरकवली, त्याच कार्यालयाने आम्हाला 'काही नाही, खुशाल खणा' असं सांगितलं. प्रत्यक्ष येऊन बघायची विनंती केली होती. 'त्याची गरज नाही' म्हणाले.

यंत्र चालवणारा माणूस अनुभवी होता. एका खांबाच्या खड्ड्यातून वरची माती संपल्यावर एकदम स्वच्छ, सैल वाळू यायला लागली. आजूबाजूच्या मातीशी तिचा काही संबंध नव्हता. मग विटेचे तुकडे आले, आणि पात्याला विटक्या लाल प्लास्टिकची एक पट्टी गुंडाळून वर आली. जुना भराव असेल असं वाटून यंत्र पुन्हा आत गेलं. मोठा आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. त्या माणसाला इजा झाली नाही. तो दस्ता धरून उभा होता, आणि आजही खड्डे मारायचं यंत्र दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

वाळू, विटा आणि पट्टी हा तिथे मुद्दाम ठेवलेला इशारा असतो. केबलभोवती वाळू भरतात, वर विटा किंवा फरशा मांडतात आणि त्याच्याही वर रंगीत पट्टी टाकतात, खणणाऱ्याचा हात केबलला लागण्याआधी थांबावा म्हणून. ह्यातलं काहीही वर आलं तर यंत्र तिथल्या तिथे बंद करा. काहीच वर आलं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, कारण घाईत टाकलेल्या वाहिन्यांवर पट्टीच नसते.

पुढचा मनस्ताप वेगळाच. दुरुस्तीचा खर्च आमच्याकडे मागितला गेला. 'तुम्हीच तर सांगितलंत' म्हटल्यावर 'कोणी सांगितलं, लेखी दाखवा' हे उत्तर. फोनवर बोलणाऱ्याने नाव सांगितलं नव्हतं, आणि नकाशा दाखवायलाही तयार नाहीत. महिनोन्महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. ज्यांची नोंद चुकली त्यांना साधा जाब विचारायचीही सोय नव्हती, ह्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, उत्तर लेखी घ्या. लेखी देत नसतील तर तुम्हीच ईमेल करा: 'अमुक तारखेला आपण असं सांगितलंत, त्यानुसार अमुक तारखेला काम सुरू करत आहोत.' (मी वकील नाही. पण लेखी विचारल्यावर तीच माणसं बाहेर येऊन बघतात, हे अनुभवाने सांगतो.)

आणखी एक गोष्ट, जी कोणतंही कार्यालय आपणहून सांगत नाही. त्यांची जबाबदारी साधारणपणे मीटरपर्यंत असते. मीटरच्या पुढे घराकडे, पंपाकडे, फाटकावरच्या दिव्याकडे, मागच्या खोलीकडे जे काही गेलंय ते तुमचं, आणि ते कुणाच्याच नकाशात नसतं. अमेरिकेत २००७ पासून ८११ ह्या एकाच क्रमांकावर कळवलं की वाहिन्यांचे मालक येऊन जमिनीवर खुणा करून जातात, तरीही खासगी वाहिन्या त्यात सहसा धरत नाहीत. भारतात मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झालं. त्याचा रोख मुख्यतः खोदकाम करणाऱ्या संस्था आणि वाहिन्यांचे मालक यांच्यातल्या समन्वयावर आहे. तुमच्या अंगणातल्या पंपाची केबल दोन्हीकडे सापडणार नाही. ती शोधायची तर आधीच्या मालकाला विचारा, जुना प्लंबर किंवा वायरमन गाठा. भिंतीतून पाइप जिथे बाहेर येतो ती जागा, झाकणं, व्हॉल्व्हचे खोके बघा आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा मनात ओढा. जमिनीवर लांबट, किंचित खचलेला पट्टा दिसला तर तिथे कधीतरी चर खणलेला असण्याची बरीच शक्यता आहे.

शोधयंत्र आणायचा विचार असेल तर जरूर आणा, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. विद्युतचुंबकीय यंत्राला धातू लागतो. नुसता प्लास्टिकचा पाइप, ज्याच्यासोबत तार टाकलेली नाही, त्याला दिसतच नाही. जमिनीत शिरणाऱ्या रडारचं ओल्या चिकणमातीत फारसं चालत नाही. हातात दोन तारा धरून पाइप शोधून देणाऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यांच्या भरवशावर कुणाच्या हातात पहार देऊ नका.

खोलीवरही विसंबू नका. घरापर्यंत येणारी केबल पाऊण मीटर खाली असायला हवी असं कुणी सांगेल. टाकताना असेलही, पण नंतर वरची माती काढून अंगण सपाट केलं असेल तर तीच केबल जेमतेम वीतभर खोल उरते. इंटरनेटच्या तारा तर मुळातच उथळ असतात.

वाहिनी असल्याची शंका आहे तिथे यंत्र नकोच. खुणेच्या दोन्ही बाजूंना निदान अर्धा ते पाऊण मीटर हाताने खणा. पहार आणि टिकाव बाजूला ठेवा, कारण टोकावर सगळा जोर येतो आणि आत काय लागलं हे कळेपर्यंत ते फुटलेलं असतं. बोथट कडेचं फावडं घ्या, वाहिनीच्या शेजारी खणत खाली जा आणि आडव्या बाजूने माती खरवडत तिच्यापर्यंत पोचा. माती कडक असेल तर आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवा. वेळ लागतो, मजूर कंटाळतात, तुम्ही घाई करू नका. आणि शक्य असेल तर खांबच थोडा सरकवा! बहुतेक वेळा हाच सगळ्यात सोपा उपाय असतो.

एवढं करूनही धक्का लागलाच, तर गॅसच्या बाबतीत कोणताही दिवा, मोटर, वाहन चालू करू नका आणि बंदही करू नका. सगळ्यांना घेऊन लांब जा आणि तिथून फोन करा. पाइप चिमटून बंद करायला कुणी जाऊ नये. वास नाही म्हणजे गळती नाही असंही नाही, मातीतून येताना गॅसचा वास कमी होऊ शकतो. विजेच्या केबलला यंत्र लागलं तर यंत्राला किंवा ते धरलेल्या माणसाला हात लावू नका, आधी पुरवठा बंद करायला लावा. इंटरनेटची फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी काचेची तार, तुटली तर तिच्या टोकाकडे डोळा लावून बघू नका, आतला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपाय करू शकतो. आणि नुसता ओरखडा आला असेल तरी माती लोटून मोकळे होऊ नका, कळवा. लोखंडी पाइपवरचा लेप निघाला की तिथूनच गंज धरतो आणि गळती पुढे कधीतरी होते.

झाडांबद्दलही विचारलंय तुम्ही. सांडपाण्याच्या पाइपजवळ वड-पिंपळाच्या कुळातलं काही लावू नका. मुळं सांध्यांतून आत शिरतात आणि पाइप तुंबल्यावरच कळतं.

खड्डे उघडे असतानाच मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि घराच्या दोन कोपऱ्यांपासूनची अंतरं लिहून ठेवा. यंत्राची तारीख पुढे ढकलता येते का बघा. तुमचं मीटर, पंप आणि खांबांच्या जागा दाखवणारं साधं रेखाटन इथे टाकलंत, तर कुठे हाताने खणावं लागेल ते मी माझ्या परीने सांगेन. प्रत्यक्ष जागा मी पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथे येऊन बघणाऱ्या जाणकाराचा.