क्योटोत एकच दिवस आहे, फुशिमी इनारीला खूप गर्दी असते म्हणतात, तरी जावं का?

हो, नक्की जा, फक्त सकाळी सहा-साडेसहाला तिथे पोचा. देऊळ चोवीस तास उघडं असतं, तिकीट नाही. क्योटो स्टेशनवरून जेआर नारा लाईनची लोकल पकडा, दुसरंच स्टेशन इनारी, आणि रॅपिडमध्ये चुकूनही बसू नका कारण ती तिथे थांबत नाही.

समोरचा मोठा दरवाजा १५८९ साली त्यावेळचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने बांधून दिलेला, देवस्थान मात्र त्याहून फार जुनं, परंपरेनुसार ७११ सालचं. इनारी म्हणजे भाताची, भरभराटीची देवता. जिकडेतिकडे दगडी कोल्हे दिसतील, कुणाच्या तोंडात किल्ली तर कुणाच्या तोंडात भाताची लोंबी, पण ते देव नाहीत, देवाचे दूत आहेत.

आधी हात धुवायचे, डावा मग उजवा, मग डाव्या तळहातावर पाणी घेऊन चूळ भरायची. देवासमोर नाणं टाकून दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मनातलं मागायचं आणि परत एकदा वाकायचं. चपला काढाव्या लागत नाहीत, मला पहिल्यांदा ते फार चुकल्यासारखं वाटलं.

आता खरं सांगायचं ते हे. बहुतेक लोक त्या केशरी कमानींच्या बोगद्यात फोटो काढून तिथूनच परततात, तसं करू नका. डोंगर २३३ मीटरचाच आहे, योत्सुत्सुजी या वाटेवरच्या चौकापर्यंत तरी चढा, पाऊण तास लागतो आणि वरून शहर दिसतं. मी थांबत थांबत गेलो, वरच्या वाटेवर जेमतेम चार-पाच माणसं भेटली, बाकी नुसता पक्ष्यांचा आवाज. चढताना कमानी कोऱ्या वाटतात पण उतरताना बघा, प्रत्येक खांबावर काळ्या अक्षरांत काहीतरी लिहिलंय, एकावर कमान देणाऱ्याचं नाव, दुसऱ्यावर तारीख. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं असतात ना, अगदी तसंच! अशा जवळजवळ दहा हजार कमानी आहेत, लाकूड कुजलं की नवी उभी राहते, म्हणून एखादी जुनाट तर शेजारची ताजी रंगवलेली. मला वाचता काहीच येत नव्हतं तरी त्या नावांपाशी मी बराच वेळ रेंगाळलो.

शाकाहारी असाल तर खाली मिळणाऱ्या कित्सुने उदोनचं (रश्श्यातल्या जाड नूडल्स) आधी विचारून घ्या, वर तळलेलं टोफू असतं पण रस्सा बहुतेक माशाचाच असतो.