बालिश, बालसुलभ की नुसताच रमणारा?

प्रश्न असा आहे: "चाळिशीतला एक जण अगदी लहान मुलांसाठी काढलेली कार्टून एकटाच बसून आवडीने बघतो. त्याच्याबद्दल लिहिताना 'बालिश' म्हटलं तर चालेल का? ते लागट वाटत असेल तर 'बालसुलभ' लिहावं का? की यासाठी आणखी कुठला शब्द आहे?"

'बालिश' लिहू नका, हे आधीच सांगून टाकतो. हा शब्द इंग्रजी 'चाइल्डिश'शी इतका जुळतो की तो त्याच्यावरूनच बेतला असावा, असं मला शाळेत असताना खात्रीने वाटायचं. पण शेवट सारखा असणं हा निव्वळ योगायोग. शब्द चांगला जुना संस्कृत आहे आणि अमरकोशात त्याला कुणाशेजारी बसवलंय बघा: 'अज्ञे मूढयथाजातमूर्खवैधेयबालिशाः'. मूढ, मूर्ख यांच्याच पंगतीत! मराठीत येईतो तो थोडा मवाळ झाला. आज आपण वाद हरल्यावर रुसून बसणाऱ्याला किंवा स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलणाऱ्याला बालिश म्हणतो. तरीही तो शेरा वागण्यावरचा आणि समजुतीवरचाच राहिला. माणसाला काय बघायला आवडतं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मोरोपंतांची ओळ आठवा: 'बालिश बहु बायकांत बडबडला'. अनुप्रासाचं उदाहरण म्हणून ती पाठ असते, पण ती कुणाबद्दल आहे हे बरेच जण विसरतात. ती विराटाच्या मुलाबद्दल, उत्तराबद्दल आहे. कौरवांनी गाई वळवून नेल्यावर हा अंतःपुरात फुशारक्या मारतो, की चांगला सारथी तेवढा मिळू दे, मग बघा. आणि सैन्य प्रत्यक्ष समोर दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटतो. बालिश तो हा.

गंमत म्हणजे त्याच कथेत खेळण्यांची हौसही आहे. रथ निघताना उत्तराची बहीण उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी सारथी झालेल्या बृहन्नडेला सांगतात, येताना आमच्या बाहुल्यांसाठी त्या कौरवांची तलम रंगीत वस्त्रं घेऊन ये. आणि बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन, एवढ्या लढाईच्या धामधुमीत, ते विसरत नाही. संमोहनास्त्राने कौरववीर पडले की तो राजपुत्र उत्तराला त्यांची वस्त्रं काढून आणायला पाठवतो. वर भीष्मांच्या वाटेला जाऊ नकोस, त्यांना या अस्त्राचा तोड ठाऊक आहे, असंही बजावतो. ऐन रणात बाहुल्यांचे कपडे लक्षात ठेवणारा अर्जुन बालिश की गायींच्या नावाने बढाया मारणारा उत्तर, हे तुमचं तुम्हीच ठरवा.

'पोरकट' तर त्याहून बोचरा. दोष त्यातल्या 'कट'चा आहे. मळकट, तेलकट, धुरकट, मातकट हे शब्द ओळीने म्हणून बघा. नको असलेलं काहीतरी अंगाला फासलं गेलंय असा भाव प्रत्येकात आहे. पोरकट म्हणजे पोरपणाचा असाच एक थर, जो एव्हाना धुऊन निघायला हवा होता.

मग 'बालसुलभ' का नको? शब्द प्रेमळ आहे, पण तो गुणाला जोडून येतो: बालसुलभ कुतूहल, बालसुलभ हट्ट. 'तो बालसुलभ आहे' असं आपण म्हणत नाही. शिवाय तुमच्या चाळिशीतल्या माणसाला ते कार्टून मुलासारखंच दिसत असेल, हे कशावरून? पाच वर्षांचं पोर 'ब्लूई' कार्टूनमधल्या निळ्या कुत्र्याच्या पिल्लाची धावपळ बघतं. मोठा माणूस त्याच प्रसंगात दमलेल्या बापाचा चेहरा बघत असतो. 'बाळबोध' हा शब्द मात्र इथे चालेल, पण तो कार्टूनसाठी. बघणाऱ्यासाठी नव्हे.

याच विषयावर हटकून 'लहानपण देगा देवा' डकवलं जातं, म्हणून जाता जाता सांगतो. तुकोबा तिथे बालपण मागत नाहीत. 'मुंगी साखरेचा रवा' आणि पुढे 'ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार' हे एकत्र वाचलं की कळतं, ते लहानपण म्हणजे नम्रपण आहे. कार्टूनच्या समर्थनासाठी तो अभंग वेठीला धरू नये.

खरी मेख मला तुमच्या विशेषणापेक्षा षष्ठीत दिसते. आपण सहज 'लहान मुलांची कार्टून' म्हणतो. 'ची' लावला की मालकी आली; कार्टून मुलांची झाली आणि मोठा माणूस दुसऱ्याच्या अंगणात शिरल्यासारखा दिसू लागला. तुम्ही प्रश्नात 'मुलांसाठी काढलेली' लिहिलंत, ते जास्त नेमकं. कुणासाठी काढलं एवढंच त्यातून कळतं, कुणी बघावं हे नाही. तसं बघितलं तर काही कार्टूनांच्या बाबतीत 'साठी'सुद्धा खरं नाही. टॉम आणि जेरी १९४० साली आले ते चित्रपटगृहात, मुख्य चित्रपटाआधी, सगळ्या वयाच्या प्रेक्षकांसमोर. मुलांचा शिक्का त्यांच्यावर पुढे बसला.

आता तुम्हाला हवा असलेला शब्द. 'मुलांत मूल होणे' हा वाक्प्रचार सुंदर आहे, पण त्याला आसपास मुलं लागतात. मांडीवर भाचा असला की आपण कार्टून बघणाऱ्याला काहीच म्हणत नाही. भाचा घरी गेला की लगेच विशेषण शोधायला लागतो. तुमचा माणूस एकटा आहे, म्हणून तो वाक्प्रचार जमणार नाही. मी विशेषणाचा नादच सोडून क्रियापद घेईन: 'रमणे'. 'तो लहान मुलांसाठीच्या कार्टूनमध्ये रमतो.' यात वय मोजलेलं नाही आणि अक्कलही काढलेली नाही. आणि वाक्यात 'चाळिशीतही' घालायचा मोह होईल, तेव्हा त्यातला 'ही' तेवढा खोडा. खोचकपणा त्याच्यातच बसलाय.