वाचक विचारतात : अनुदान अडलंय कुठे?

प्रश्न : सासूबाईंना संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये मिळतात. दोन महिने जमा नाहीत. शेजारच्या काकूंना मात्र आले. तहसीलमध्ये म्हणतात ‘निधी नाही’, बँकेत म्हणतात ‘वरूनच आलं नाही’. खरं कोण बोलतंय? – एक वाचक, सातपूर

कदाचित दोघंही. या योजनेचा पैसा एकाच पेटीतून येत नाही. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा तीन प्रवर्गांची तरतूद वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली (सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या कप्प्यांत) असते आणि निधीही वेगवेगळा वितरित होतो. त्यामुळे एकाच गल्लीत एकीचे पैसे जमा होतात, दुसरीचे राहतात.

म्हणून आधी चौकशी करा ती आपल्याच प्रवर्गातल्या दोन-चार लाभार्थ्यांकडे. कुणालाच आले नसतील तर निधीचा प्रश्न आहे, बँकेत खेटे घालू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षाची तरतूद संपत आलेली असते आणि पुरवणी मागण्यांवर (विधिमंडळात मागितल्या जाणाऱ्या जादा निधीवर) भिस्त असते. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचा निधी खाली उतरायला वेळ लागतो.

इतरांना आले आणि तुम्हालाच नाही, तर दोष बहुधा आधारचा. थेट लाभ हस्तांतरणात पैसा पासबुकावरचा खाते क्रमांक पाहून जात नाही. ज्या बँकेत आधार शेवटचं सीड झालं, म्हणजे अनुदान घेण्यासाठी खात्याला जोडलं गेलं, तिथे जातो. नवं सिम घेताना किंवा दुकानात अंगठा देताना एखादं पेमेंट बँकेचं खाते उघडलं गेलं असेल, तर रक्कम तिकडे जमा होत असते आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

‘माय आधार’ संकेतस्थळावर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्र गाठा. बँक भलतीच दिसली तर तिथली शिल्लक तपासून काढून घ्या, मग हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘केवायसीला आधार दिलंय’ हे उत्तर पुरेसं नाही. केवायसी वेगळी, सीडिंग वेगळं.

सीडिंग ठीक असेल तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत नेमकं विचारा : पोर्टलवर नाव सक्रिय आहे का, आणि हयातीचा दाखला नोंदला गेलाय का? दाखला दिला पण नोंद झाली नाही, असं सर्रास घडतं. पोच जपून ठेवा.

प्रश्न : भाऊ दिव्यांग आहे. निराधार योजनेसाठी उत्पन्नाची अट २१ हजार की ५० हजार? – एक वाचक, दिंडोरी

दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत चालतं. अपंगत्व किमान ४० टक्के हवं. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची रक्कम २५०० आहे. अजून १५००च येत असतील तर नोंद ‘दिव्यांग’ प्रकारात आहे का आणि यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक जोडलाय का, ते पाहा.

(बाकीच्यांसाठीची २१ हजारांची मर्यादा म्हणजे अख्ख्या कुटुंबाला महिना १७५० रुपये. नाशकात तेवढ्यात खोलीचं भाडंही भागत नाही. ही अट केव्हाच बदलायला हवी होती.)

प्रश्न : लाडक्या बहिणीचे २१०० कधी होणार? – एक वाचक, पंचवटी

भाषणं बाजूला ठेवा, तरतुदीचा आकडा पाहा. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले होते. एका बहिणीला वर्षाला १८ हजार, म्हणजे हा पैसा बरोबर २ कोटी महिलांना पुरतो, तोही १५००च्या दराने. २१०० केले तर तेवढ्याच महिलांना ५०,४०० कोटी लागतील. तरतूद त्या प्रमाणात फुगलेली दिसली तरच आशा धरा.

त्यानंतरही शासन निर्णय निघावा लागतो. निराधार अनुदान १००० वरून १५०० करण्याची घोषणा मार्च २०२३च्या अर्थसंकल्पात झाली, शासन निर्णय जुलैत आला. लाडकी बहीणचा मात्र २८ जून २०२४ला घोषणेच्याच दिवशी निघाला. निवडणूक तोंडावर होती.

निराधारचे १५०० घेणाऱ्या महिलेला लाडकी बहीणचा लाभ मिळत नाही. दोन्हींकडे नाव असेल तर पडताळणीत ते निघतंच.