स्ट्रिंग क्वार्टेटमधल्या वादकाचं पोट कशावर चालतं?

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे चार वादकांचा संच: पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, त्याहून जरा मोठा व्हायोला आणि खर्जातला चेलो. नुसत्या कार्यक्रमांच्या बिदागीवर घर चालवणारी क्वार्टेट्स जगात फार थोडी आहेत. तरीही त्यात उभं आयुष्य काढलेले वादक पुष्कळ आहेत आणि त्यांनी ते कसं जमवलं, हेच तुमच्या लेकीच्या कामाचं आहे. तुम्ही विचारलंय की ती बडोद्यात पाश्चात्त्य पद्धतीनं व्हायोलिन शिकते आणि तिला पुढे क्वार्टेटमध्येच वाजवायचंय, तर त्यात करिअर असतं का, आणि ते चौघं जन्मभर एकत्र राहतात का. मी स्वतः मांडी घालून, व्हायोलिनची मान पायावर टेकवून वाजवणाऱ्यांतली. बडोद्यातच, दांडिया बाजारात मुलांना शिकवते. पण क्वार्टेट ऐकण्याचं मला जुनं वेड आहे.

आधी पैशाचं. चार वादक पगारावर ठेवायची चाल दरबारी आहे. व्हिएन्नात राहणाऱ्या राझुमोव्हस्की या रशियन उमरावानं १८०८ मध्ये शुपानझिग नावाच्या व्हायोलिनवादकाला स्वतःचं क्वार्टेट बांधायला सांगितलं. बेथोव्हननं अशा चौघांसाठी लिहिलेल्या नव्या रचना (त्यांनाही क्वार्टेट्सच म्हणतात) ही मंडळी बसवत. आपल्याकडे गायकवाडांचा कलावंत कारखाना, म्हणजे पगारी कलावंतांचं दरबारी खातं, होतं, त्याच जातीची ही सोय. १८१४ च्या शेवटच्या रात्री राझुमोव्हस्कीचा वाडा आगीत गेला, पुढे ते क्वार्टेटही मोडलं.

आज त्या दरबाराची जागा विद्यापीठांनी घेतली आहे. टाकाच क्वार्टेट बुडापेस्टमध्ये १९७५ ला जमलं, पण १९८० च्या दशकापासून त्याचं बिऱ्हाड अमेरिकेत, कोलोरॅडो विद्यापीठात आहे. जुलियार्ड क्वार्टेट तर १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड स्कूल या संगीतविद्यालयातच जन्माला आलं आणि त्याचे पहिले व्हायोलिनवादक रॉबर्ट मान १९९७ पर्यंत तिथे होते. अशा ठिकाणी चौघं शिकवतात, पगार घेतात आणि उरलेल्या दिवसांत दौरे करतात. दुसरी सोय ऑर्केस्ट्राची: लाइपझिगचं गेवांडहाउस क्वार्टेट दोनशे वर्षांहून जुनं आहे आणि त्यातले वादक तिथल्या ऑर्केस्ट्रातलेच असतात. म्हणजे शिकवणं किंवा ऑर्केस्ट्रा, यांपैकी एक हात धरावाच लागतो. मुलीला शिकवायला आवडतं का, हे आत्ताच बघा. नसेल आवडत, तर ही वाट जड जाईल.

जन्मभर एकत्र राहण्याबद्दल विचारलंत म्हणून अमॅडियस क्वार्टेटची हकीकत जरा सविस्तर सांगते. नॉर्बर्ट ब्रेनिन, सिगमुंड निसेल आणि पीटर शिडलोफ हे तिघं व्हिएन्नाहून जीव वाचवून इंग्लंडला आलेले ज्यू तरुण. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांना शत्रुदेशाचे नागरिक म्हणून छावण्यांत डांबलं, आणि त्यांच्या ओळखी तिथेच झाल्या. सुटल्यावर माक्स रोस्टाल या गुरूनं त्यांना फी न घेता शिकवलं. मार्टिन लव्हेट हा इंग्रज चेलोवादक येऊन मिळाला. पण उरलेले तिघंही व्हायोलिनवालेच! कुणीतरी व्हायोला उचलायलाच हवा होता. तो शिडलोफनं उचलला आणि त्या वाद्याचा मोठा वादक झाला. जानेवारी १९४८ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये अमॅडियस या नावानं त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तेच चौघं. १९८७ मध्ये शिडलोफ गेले तेव्हा बाकीच्या तिघांनी त्यांच्या जागी कुणालाही घेतलं नाही, क्वार्टेट तिथेच थांबवलं. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

सगळ्यांचं असं होत नाही, आणि त्यात वाईटही काही नाही. ग्वार्नेरी क्वार्टेटचे चेलोवादक डेव्हिड सोयर २००१ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांचाच शिष्य पीटर वायली बसला. २००९ मध्ये त्या क्वार्टेटनं काम थांबवलं. टोकियो क्वार्टेटचे पीटर औंजियन यांच्या हाताच्या बोटांवरचा ताबा जायला लागला, १९९५ मध्ये त्यांनी क्वार्टेट सोडलं आणि पुढे ते टोरोंटो सिम्फनीचे संचालक झाले. हाताचं दुखणं या धंद्यात खरंच गाठतं. मुलीच्या मनगटात किंवा खांद्यात कळ येत असेल तर 'रियाजानं सुटेल' म्हणून तिला दामटू नका.

आता आपल्या जवळचं उदाहरण. मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, तिथेच स्वतःचं क्वार्टेटही चालवलं. पुढे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवलं. मग पन्नाशीत ते फिलाडेल्फियाला गेले आणि कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसऱ्या व्हायोलिनवर बसले. ज्यानं एक अख्खा ऑर्केस्ट्रा उभा केला, तो माणूस दुसऱ्याच्या शेजारी बसून आतला सूर धरतो! त्यानंतर १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन त्यांनी तरुणांचा ऑर्केस्ट्रा काढला आणि पिढ्या घडवल्या. क्वार्टेटवाल्याचं करिअर कसं असतं, असं कुणी मला विचारलं तर मी हेच आयुष्य दाखवते.

आपल्या शहराचाही एक धागा यात आहे. मौलाबक्ष या संगीतकारांनी सयाजीरावांच्या आश्रयानं १८८६ मध्ये गायनशाळा काढली, तेच पुढे आपलं म्युझिक कॉलेज. त्यांच्या लेकीचा मुलगा इनायत खान इथेच जन्मला आणि १९१० मध्ये परदेशी गेला. इनायत खानांचे चिरंजीव हिदायत पॅरिसला व्हायोलिन आणि संगीतरचना शिकले, लेनेर क्वार्टेटकडून धडे घ्यायला बुडापेस्टला गेले आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिणारे रचनाकार झाले. क्वार्टेटमधली तालीम रचनाकारालाही उपयोगी पडते, ती अशी. आणि क्वार्टेट म्हणजे फक्त जुनं जर्मन संगीत असं घरात कुणी म्हणत असेल, तर त्यांना क्रोनोस क्वार्टेटनं आशा भोसल्यांबरोबर २००५ मध्ये केलेली आर. डी. बर्मन यांची गाणी ऐकवा.

माझं ठाम मत असं की या वाटेवर दुसरं व्हायोलिन किंवा व्हायोला मनापासून वाजवणारा माणूसच टिकतो. आपल्याकडे मुलांना सोलो वाजवायला शिकवतात, परीक्षाही सोलोच्या. आईवडिलांनाही आपलं मूल पुढे दिसायला हवं असतं. इमर्सन क्वार्टेटचे दोन्ही व्हायोलिनवादक पहिली-दुसरी जागा आळीपाळीनं घेत, आणि हे क्वार्टेट १९७६ पासून २०२३ पर्यंत चाललं. मुलीला ती सवय आत्ताच लावा. बार्टोक या हंगेरियन रचनाकाराची दोन व्हायोलिनसाठी चव्वेचाळीस छोटी युगुलं आहेत. सोपी आधी, अवघड नंतर. वर्गातल्या एखाद्या मुलीबरोबर ती बसवायला सांगा आणि दर आठवड्याला भाग बदलायला लावा. रेकॉर्डिंग करून ऐकताना तिनं स्वतःचा सूर ऐकू नये, जोडीदारिणीचा ऐकावा.

व्हायोलाही हातात द्या. तो आकारानं मोठा, स्वरानं खालचा, आणि त्याचं नोटेशन अल्टो क्लेफमध्ये, म्हणजे व्हायोलिनहून वेगळ्या स्वरचिन्हानं, वाचावं लागतं. सहा-आठ महिने डोकं फिरतं, मग बसतं. चांगले व्हायोलावादक कायम कमी असतात, त्यामुळे बोलावणी येतात. चेलो वाजवणारं कुणी इथे मिळालं नाही तर सुट्टीत तिला मुंबईला न्या. नरिमन पॉइंटला एन.सी.पी.ए. या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. कार्यक्रम ऐकाच, पण तिथल्या वादकांना गाठून, ते चौघं मिळून काय आणि कधी वाजवतात हे तिला स्वतःला विचारू द्या.