शिआनला चार दिवस असतील तर

आई-बाबांना घेऊन चार दिवस चीनमधल्या शिआनला जाताय, टेराकोटा आर्मीशिवाय (चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले मातीचे सैनिक) तिथे काय बघावं आणि शाकाहारी जेवणाचं कसं जमवावं, असं तुम्ही विचारलं आहे. कामानिमित्त मी त्या शहरात राहिले आहे, अजूनही जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक टूरवाले शिआन दीड दिवसात उरकतात: सकाळी मातीचे सैनिक, संध्याकाळी खाऊगल्ली, दुसऱ्या दिवशी विमान. तुमच्याकडे चार दिवस आहेत हे फार चांगलं आहे. माझा आग्रह असा की सैनिकांना एकच दिवस द्या आणि उरलेले तीन तटबंदीच्या आत आणि आसपास पायी घालवा. आणि सुरुवात मोठ्या वाइल्ड गूज पॅगोडापासून करा, कारण तिथे आपला थेट धागा आहे.

शिआन म्हणजे सातव्या शतकातलं छांगआन. बौद्ध भिक्खू ह्युएन त्सांग बादशहाची परवानगी नसताना इथून निघाला, भारतभर फिरला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन इथेच परतला. ते ग्रंथ नीट राहावेत म्हणून ६५२ साली हा पॅगोडा बांधायला घेतला. आजचा सात मजल्यांचा, चौसष्टेक मीटर उंच आहे आणि नीट पाहिलंत तर किंचित कललेला दिसतो. हाच माणूस चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की तिथली माणसं उंच, साधी आणि मानी आहेत. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, आणि सूड घ्यायचा झाला तरी आधी शत्रूला सांगून घेतात. हर्षवर्धनासारख्या राजापुढेही हा मुलूख नमला नाही, याचीही त्यानं नोंद केली आहे. दारावर दगडी हत्ती असलेल्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन केलंय, ते अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. प्रवासाचा हा वृत्तांत त्यानं छांगआनमध्येच ६४६ साली पुरा केला. महाराष्ट्रावरचा तेवढा भाग मोबाइलमध्ये ठेवा आणि पॅगोडाच्या अंगणात बाबांना वाचून दाखवा. गाइडच्या कुठल्याही माहितीपेक्षा ते त्यांच्या लक्षात राहील. वर चढायचं तिकीट वेगळं असतं आणि लाकडी जिना आहे. गुडघे दुखत असतील तर खालच्या दक्षिण दारातले कोरीव शिलालेख पाहिले तरी पुरे.

त्याच दिवशी धाकटा पॅगोडाही करा. हा ७०७ ते ७१० मधला. समुद्रमार्गे येऊन नालंदेत शिकलेला चिनी भिक्खू इत्सिंग इथल्या मठात भाषांतरं करत असे. परिसरात जुनी झाडं आहेत, बसायला बाकं आहेत आणि मोठ्या पॅगोडाच्या मानानं गर्दी फार कमी. मला विचाराल तर दोघांत हाच जास्त आवडतो.

आता तटबंदी. १३७० च्या दशकात मिंग काळात बांधलेली, घेर पावणेचौदा किलोमीटर, उंची बारा मीटर, आणि वर रुंदी इतकी की चारचाकी सहज जाईल. दक्षिण दरवाज्यापाशी भाड्यानं सायकली मिळतात, दोघांनी चालवायच्याही. विटांची फरसबंदी खडबडीत आहे, त्यामुळे पूर्ण फेरीत पाठ दुखते. आई-बाबांसोबत एखाद-दोन दरवाज्यांपर्यंतच जा. उन्हं उतरल्यावर चढा. खाली उतरलात की खंदकाकाठची बाग लागते. पर्यटक ती ओलांडून निघून जातात, तसं करू नका. सकाळी तिथे ताई-ची चालतं, कुणी मोठा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत असतं, आणि संध्याकाळी म्हातारी मंडळी तंतुवाद्यं घेऊन छिनछ्यांग गातात. ही शान्शी प्रांताची लोकऑपेरा, अगदी वरच्या पट्टीत, पोटातून गायलेली. शेजारी उभं राहिलात तर हातानं खूण करून बसायला सांगतात.

बेइलिन, म्हणजे शिलालेखांचं संग्रहालय, दक्षिण तटाच्या अगदी आत आहे. स्थापना १०८७ सालची. ७८१ सालचा एक शिलालेख तिथे आहे, त्यात ख्रिस्ती धर्म चीनमध्ये कसा पोचला ते लिहिलंय आणि खालच्या बाजूला सिरियाक लिपीतही मजकूर आहे.

मुस्लिम वस्तीच्या मुख्य रस्त्यावर खूप दिवे, खूप गोंगाट, आणि सगळीकडे तेच ते पदार्थ. तिथे दहा मिनिटं फिरा आणि मागच्या गल्ल्यांत शिरा. स्थानिक हुई लोक, म्हणजे चिनी मुसलमान, तिथे जेवतात. याच गल्लीत मोठी मशीद आहे. तिला घुमट नाही. एकामागून एक चौक, कमानी, निळसर कौलं आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी लाकडी मनोरा. सगळी रचना पश्चिमेकडे तोंड करून. बाहेरच्या गोंगाटातून आत पाऊल टाकलं की आवाजच बंद होतो.

जेवणाचं सांगते. शिआन हा पिठाचा मुलूख आहे, भाताचा नाही, त्यामुळे शाकाहारी माणसाची इथे सोय होते, फक्त विचारून खावं लागतं. ल्यांगपी मागा: स्टार्चचे थंड, लुसलुशीत पट्टे, त्यावर काकडी, मोड आलेलं कडधान्य, व्हिनेगर आणि लाल मिरचीचं तेल. दुसरं यौपो म्येन: दोन बोटं रुंद नूडल्सवर तिखट आणि लसूण ठेवून वरून धूर निघणारं तेल ओततात. चर्र आवाज आणि तो वास थेट आपल्या फोडणीचा. आईला पहिल्या दिवशीच घरच्यासारखं वाटेल. नाश्त्याला चंगकाव, म्हणजे चिकट तांदूळ, खजुरासारखी चिनी बोरं आणि राजम्यासारख्या दाण्यांचा वाफवलेला गोड थर. पर्सिमन या केशरी फळाचे तळलेले गोड पेढेही घ्या. मात्र नूडल्सच्या साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही हाडांचा स्टॉक असू शकतो. म्हणून हॉटेलवाल्यांकडून चिनीत लिहून घ्या: मांस, मासे, अंडी, स्टॉक, चरबी नको. बौद्ध मठांजवळची शाकाहारी उपाहारगृहं सर्वांत निर्धास्त, तिथे कांदा-लसूणही नसतो.

मांसाहार करणाऱ्यांनी यांगरौ फाओमो चुकवू नये. आधी जाड भाकर आणून देतात, ती तुम्ही स्वतः शेंगदाण्याएवढे तुकडे करून वाडग्यात टाकायची. मग आचारी तो वाडगा घेऊन जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजवून आणतो. तुकडे मोठे ठेवलेत तर परत बारीक करायला सांगतात. सोबत गोड लसणाचं लोणचं येतं. रौच्यामो या भरलेल्या पावात मुस्लिम वस्तीत बीफ असतं, बाहेर डुकराचं मांस; चालत नसेल तर आधी विचारा.

सैनिकांचा दिवस. १९७४ मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर लिन्थोंगला. तिकीट पासपोर्टवर आधीच ऑनलाइन काढा. मेट्रोच्या नवव्या लाइननं हुआछिंगछी स्टेशन आणि पुढे बस, एवढं सोपं आहे. स्टेशनबाहेर अंगावर येणाऱ्या टॅक्सीवाल्यांच्या मागे जाऊ नका. पहिल्या खड्ड्यात दारापाशीच सगळे अडकतात, तुम्ही कडेनं मागच्या टोकापर्यंत चाला. तिथे अर्धवट जोडलेले सैनिक उभे असतात, कुणाला डोकं नाही, कुणाला हात नाही, आणि काम चालू असतं. मूळचे हे सगळे रंगवलेले होते. बाहेर काढल्यावर हवेतल्या कोरडेपणानं लाखेचा थर काही मिनिटांत गळायचा. ब्राँझचे रथ वेगळ्या इमारतीत आहेत, तेही बघाच. चालणं भरपूर होतं, म्हणून त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका.

वेळ उरला तर हुआशान डोंगराऐवजी हान यांगलिंगला जा. वयस्कर माणसांना ते झेपतं. हान घराण्यातल्या सम्राट चिंगची समाधी, जमिनीखाली काचेची फरशी आणि पायाखाली हातभर उंचीच्या हजारो मूर्ती. लाकडी हात कुजून गेलेत, कपडे गेलेत, चेहरे मात्र हसरे.

१ ते ७ ऑक्टोबर, १ मेच्या कामगार दिनाची सुटी आणि चिनी नववर्ष टाळा. ते दिवस सोडून एप्रिल-मे उत्तम. भारतीयांना व्हिसा आधीच काढावा लागतो. आपलं कार्ड अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला जोडून ठेवा, कारण छोट्या दुकानांत सगळं क्यूआर कोडवरच चालतं आणि आपलं यूपीआय तिथे चालत नाही. गुगल उघडणार नाही, तेव्हा हॉटेलचा पत्ता चिनीत छापून दोन प्रती करा आणि एक बाबांच्या खिशात ठेवा. तारखा ठरल्या की इथेच लिहा, त्या आठवड्यात संग्रहालय कधी बंद असतं ते बघून दिवसांची जुळणी करून देते. सोमवारी काही संग्रहालयं बंद असतात.